मदत हवी आहे: डीबीत शिरलेलं सोलर आणि बसबारचा हिशेब

मंडळी, धायरीला रो-हाउस आहे. थ्री फेज, मंजूर भार 10 किलोवॅट. वर्षापूर्वी गच्चीवर सोलर बसवलं. 5 किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, सिंगल फेज, आर-वाय-बी या तीनपैकी आर फेजवर. नेट मीटर लागलाय, बिलाची तक्रार नाही. आता त्यालाच लिथियम बॅटरी जोडायची आहे.

रविवारी वायरमन आला, डीबीचं (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीचं) कव्हर काढलं आणि माझी झोप उडाली. इनकमर, म्हणजे पेटीचा मुख्य स्विच, 63 ॲम्पिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), त्याला अगदी खेटून सोलरचा 32 चा. बसबारवर, म्हणजे सगळे एमसीबी जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर, 63 छापलंय. म्हणजे महावितरणकडून 63 आणि इन्व्हर्टरकडून 22 (5000 भागिले 230), असे 85 ॲम्पिअर पट्टीतून गेले तरी एकही एमसीबी पडणार नाही. प्रत्येकाला फक्त आपल्यातून जाणारा करंट कळतो, पट्टीची बेरीज कोण करणार?

वायरमन म्हणतो, "साहेब, सोलरमुळे लाईनवरचा भार कमीच होतो की." लाईनवरचा होतो हो, पट्टीवरचा कुठे होतो? सोलर वापरलं जावं म्हणून बसवणाऱ्यांनी जड लोड सगळे आर वर आणलेत: गाडीचा चार्जर 32, दोन एसी मिळून 16, इंडक्शन 9, गिझर 9, मोटर 5. एकत्र चालले तर 71.

अजून एक. सोलरच्या एमसीबीचा स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला, वायरचं टोक तपकिरी झालंय.

यूट्यूबवर 120 टक्क्यांचा नियम सांगतात (मेन आणि सोलरची बेरीज पट्टीच्या क्षमतेच्या 120 टक्क्यांच्या आत हवी). आपल्याकडे तो चालतो का? आणि बॅटरीमुळे बेरीज आणखी वाढेल का?

प्रतिसाद १
तो नियम अमेरिकेच्या एनईसीतला (राष्ट्रीय विद्युत संहिता), कलम 705.12. आपलीही एनईसी आहे, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो), 2023 ची, म्हणून घोटाळा होतो. वायरिंगसाठी आपल्याकडे आयएस 732 हे मानक बघा. पण तुमची शंका रास्त आहे, तांब्याला देश कळत नाही. शिवाय 63 चा एमसीबी 71 ला तासभर सहज तग धरतो, 91 ला मात्र तासाभरात पडायलाच हवा.

आधी चार्जर वाय फेजवर न्या. 71 ॲम्पिअर म्हणजे एकट्या आर वर 16 किलोवॅट, मंजूर भार 10 असताना! मग इनकमर 40 चा करा: 40 अधिक 22, पट्टी 63 च्या आत. त्याहून बरं म्हणजे सोलर डीबीतून काढून मीटर आणि इनकमरच्या मधे, एसीडीबीतून (सोलरच्या स्वतंत्र पेटीतून) घ्या. मग पट्टीला एकच वाट उरते आणि तिथला एमसीबी तिला सांभाळतो. फक्त त्या वायरची जाडी तपासून घ्या.

बॅटरीने बेरीज वाढत नाही. पॅनलमधून येवो की बॅटरीतून, इन्व्हर्टर देणार 22 च. वेगळा बॅटरी इन्व्हर्टर घेतलात तर मात्र तो धरावा लागेल.

प्रतिसाद २
85 चं राहू द्या, तो सैल स्क्रू आधी बघा. मेन बंद, इन्व्हर्टरही बंद. मी पाहिलेले जळके डीबी बहुतेक सैल टर्मिनलचेच. तपकिरी तुकडा कापून नवा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावा.

धागाकर्ता
चार्जर शनिवारी हलवतोय, एसीडीबीतून जोडण्याचं कोटेशन मागवलंय. पट्टीचा त्या एमसीबीखालचा दातही काळपट दिसतोय. घासून चालेल की अख्खी पट्टीच बदलू?

प्रतिसाद २
बदला. काही शेकड्यांची वस्तू आहे.