हात आखडला तेव्हा तुम्ही काय केलं?

मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, माल कमी आला की आमच्या दुकानातली उधारीची वही फुगते. परभणीत किराणा चालवतो, म्हणून मंदी मला पेपरच्या आधी वहीत दिसते. २०२१ ला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, तेव्हा लोकांनी जुन्या उधाऱ्या चुकवून वर फटफटी घेतल्या. पुढं २०२४ ला हमीभाव ४,८९२ असताना मोंढ्यात चार हजारांच्या आसपास विक्रीची पट्टी हातात पडत होती आणि गाडीचे हप्ते चालूच होते. आपापले अनुभव लिहा, आकड्यांसकट लिहा. चुकलेलं आधी सांगा.

वाळूज
२०१९ ला गाड्यांचा खप पडला. आम्ही सुटे भाग बनवणारे, आमच्याकडं आधी ओव्हरटाइम गेला, मग आठवड्यातले दोन दिवस काम. पगार २२ हजार, पण घराचा हप्ता मी ओव्हरटाइम धरून साडेअकरा हजारांचा घेतला होता. चूक तिथंच झाली. वर्ष निघालं नाही तोच लॉकडाउन लागलं. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्याला सवलत मिळाली, मी सहाही महिने घेतली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. ते मुद्दलात चढलं. सहा हप्ते पुढं सरकतील एवढंच मी धरलं होतं. बँकेत जाऊन विचारलं तर चौदा वाढलेले! बायको तेव्हा म्हणत होती, पीएफमधून काढा पण हप्ता भरा. तिचं ऐकायला पाहिजे होतं. आता हप्ता नुसत्या मूळ पगारावर बेततो आणि तीन हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवतो. त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलं नाही.

बीड जिल्हा
वडील शिक्षक होते. रिटायरमेंटचे नऊ लाख जास्त व्याजासाठी एका पतसंस्थेत ठेवले. पाटीवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलेलं, आत एसी, काउंटर, पासबुक; आम्ही ती बँकच समजलो. २०२३ ला शटर खाली आलं. नंतर कळलं, बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. पाटी वाचताना हे विचारायला हवं होतं. वडील अजून पावत्या उशाखाली घेऊन झोपतात. यापुढं मला लिहवत नाही.

धाराशिव
आमच्या बचत गटात बारा जणी, महिन्याला दोनशे. गटातून कर्ज शेकडा दोननं मिळतं, सावकार पाच घेतो. सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षी पोरीची फी गटातूनच भरली. दोन जणींचे हप्ते थकले. त्यांच्या दारात आम्ही गेलो नाही, मुदत वाढवून दिली.

जालना
पेरणीला पाटल्या मोडाव्या की तारण ठेवाव्या? मागच्या साली तारण ठेवल्या, व्याज भरता भरता दिवाळी आली. कुणी हिशोब करून सांगेल का?

परभणी
जालनेकर, सोयाबीन निघाल्यावर एकरकमी सोडवता येणार असतील तरच ठेवा. व्याजाचा दर आणि मुदत इथं टाका, रात्री बसून हिशोब करू. बीडकर, ठेवीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या एमपीआयडी कायद्याखाली गुन्हा नोंद असेल तर तपास अधिकाऱ्यांकडं वडिलांच्या ठेवीची माहिती दिली का? झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. मूळ पावत्या मध्यस्थाच्या हाती देऊ नका.