मदत हवी आहे: जुना व्हिडिओ गेम नवीन टीव्हीला लागत नाहीये (शनिवारच्या आत)

शेवटचा_जीव
माळ्यावरून आमचा जुना व्हिडिओ गेम काढलाय. चालू आहे, लाल दिवा लागतो. नवीन टीव्हीला जोडला तर काही येत नाही, नुसतं 'नो सिग्नल'. वायर घट्ट बसवली आहे. कॅसेट काढून, फुंकून, परत घालून झालं. नेटवर शोधलं तर जो तो एचडीएमआयचं पुराण सांगतो. शनिवारी घरी पाहुणे आहेत, त्याआधी चालू व्हायलाच हवा. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच सांगा. 'मोबाईलवर खेळा' हे उत्तर नको आहे.

तपकीर_गल्ली
कोणता गेम? कोणता टीव्ही? कोणती वायर? एवढं कळल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

निशाचर८बिट
मोबाईलवर खेळा. (हलके घ्या.)
पण खरं सांगू का दादा, लॅपटॉपवर नेसटोपिया किंवा रेट्रोआर्च (जुने गेम चालवणारे प्रोग्राम) टाका, लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला लावा, ब्लूटूथ कंट्रोलर जोडा. सगळे गेम येतील, हवं तिथे सेव्ह करता येईल. जुन्या डब्याच्या मागे लागून लोक आठवडा घालवतात आणि शेवटी हेच करतात.

शेवटचा_जीव
दादा नाही, ताई.
गेम म्हणजे सगळ्यांकडे असायचा तोच, कॅसेटवाला, दोन रिमोट आणि बंदूक. टीव्ही ४३ इंची स्मार्ट आहे. वायर जी गेमसोबत येते ती.

तपकीर_गल्ली
ताई, सगळ्यांकडे एकच नसायचा हो. कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे टर्मिनेटर, कुणाकडे बिननावाचा. कुणाच्या खोक्यातून पिवळी-पांढरी पिन निघायची, कुणाच्या नुसती अँटेनाची वायर. फोटो टाका.

सदाशिव_जॉयस्टिक
मी सविस्तर सांगतो, वाचून घ्या. नव्या टीव्हींना पिवळं-पांढरं-लाल अशी तीन भोकं हल्ली सहसा नसतात. त्याऐवजी हेडफोनसारखं ३.५ मिमीचं एकच भोक असतं, शेजारी 'एव्ही इन' असं लिहिलेलं. त्यात जाणारी पिन चार पट्ट्यांची असते आणि त्या पट्ट्यांचा क्रम सगळ्या कंपन्या एकसारखा ठेवत नाहीत. घरात पडलेली हँडीकॅमची वायर लावलीत तर व्हिडिओच्या जागी आवाजाची तार येते आणि पडदा काळाच राहतो. म्हणून टीव्हीच्या खोक्यात आलेली वायरच शोधा. मिळाली नाही तर पिवळीच्या जागी लाल, लालच्या जागी पांढरी असं फिरवून बघा, त्याने काही जळत नाही. दुसरं, हे गेम २४० रेषांचं चित्र पाठवतात आणि काही नव्या टीव्हींना ते ओळखताच येत नाही. तसं असेल तर एव्ही-टू-एचडीएमआयची छोटी डबी मिळते, स्वस्तातली घेऊ नका.

शेवटचा_जीव
@सदाशिव_जॉयस्टिक, एवढं लिहिलंत त्याबद्दल आभार, पण आमच्याकडे पिवळी, लाल काहीच नाही. एकच काळी वायर आहे. मध्ये एक डबी आणि तिच्यावर 'टीव्ही / गेम' असं सरकवायचं बटण.

तपकीर_गल्ली
झालं! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. म्हणजे तुमचा आरएफवाला आहे, अँटेनावर चालणारा. आता दोन प्रश्न. वायर टीव्हीला कुठे लावलीत आणि टीव्हीचा सोर्स कोणता ठेवलाय? आणि तिसरा, ॲडॅप्टर मूळचाच आहे ना?

किंग_ऑफ_कॉइन
माझं ऐका, कॅसेटमध्ये फुंकणं आधी बंद करा. आपल्या पिढीला कोणी शिकवलं कोण जाणे. तोंडाच्या वाफेने आतल्या पट्ट्या गंजतात, मूळ गेम बनवणारी निन्टेन्डो कंपनीसुद्धा फुंकू नका म्हणूनच सांगायची. पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कानकोरणीच्या कापसाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. काळा पडलेला कापूस बघून तुम्हालाच शिसारी येईल.

मधल्या_सुट्टीत
आम्ही फुंकूनच वाढलो आणि कॅसेट अजून चालते. अल्कोहोल म्हणे!

किंग_ऑफ_कॉइन
चालते कारण काढून पुन्हा घालताना पिना घासल्या जातात. फुंकरीचा त्यात काहीही वाटा नाही.

न्यू_जर्सी_नाका
मी डिसेंबरात पुण्यात येतोय. इथे गॅरेज सेलमध्ये मारिओ आणि डक हंट एकत्र असलेल्या ओरिजिनल कार्ट्रिज मिळतात. हवी असेल तर घेऊन येतो, पैशांचं नंतर बघू.

तपकीर_गल्ली
भाऊ, भावना पोचल्या, पण ती बसायची नाही. अमेरिकेतल्या एनइएसच्या (निन्टेन्डोच्या तिकडच्या खोक्याच्या) कॅसेटला ७२ पिना. आपल्याकडचे खोके निन्टेन्डोच्याच जपानी खोक्याच्या, फॅमिकॉमच्या नकला, त्यांना ६० पिना. आणि ताईंना शनिवारी हवाय, डिसेंबरात नाही.

शेवटचा_जीव
टीव्हीच्या मागे गोल भोक आहे त्यात लावली आहे. सोर्स म्हणजे? सेट टॉप बॉक्स ज्याच्यावर लागतो तोच आहे. ॲडॅप्टर राउटरचा वापरलाय, मूळचा कुठे गेला देव जाणे. १२ व्होल्ट लिहिलंय.

सोल्डर_सावंत
थांबा थांबा! बाकी सगळं सोडा, आधी तो ॲडॅप्टर काढा.
या खोक्यांत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो, जे मिळेल त्याचे ५ व्होल्ट करून तो पुढे देतो. उरलेले व्होल्ट उष्णतेत जातात. ९ दिले तर ४ व्होल्टची उष्णता, १२ दिले तर ७ ची, आणि इतक्या वर्षांत त्या रेग्युलेटरखालची पेस्ट वाळून गेलेली असते. अर्ध्या तासात बंद पडेल. शिवाय मूळ फॅमिकॉमची मधली पिन ऋण असते आणि राउटरवाल्यांची बहुतेक धन. तुमचा दिवा लागतोय म्हणजे ध्रुव जुळलेत, पण नवीन घेताना या ॲडॅप्टरवरचं धन-ऋण दाखवणारं गोलांचं चित्र बघून तसाच घ्या. ९ व्होल्ट, १ अँपिअर.

निशाचर८बिट
म्हणूनच म्हणतो, लॅपटॉप.

सोल्डर_सावंत
म्हणूनच म्हणतो, तुम्ही गप्प बसा. डाउनलोड केलेल्या रॉमवर (गेमच्या फायलींवर) फुशारकी मारणाऱ्यांनी ॲडॅप्टरवर बोलू नये.

निशाचर८बिट
आणि ९९९९९९-इन-१ ची कॅसेट अगदी कायदेशीर होती वाटतं? त्यात खरे गेम वीस-बावीस, बाकी तेच मारिओ तिसऱ्या स्टेजपासून, तेच मारिओ पाचव्या स्टेजपासून. आपलं अख्खं बालपण चोरीच्या मालावर गेलंय सावंतकाका.

किंग_ऑफ_कॉइन
हे मात्र खरं. बॅटल सिटी तर १९८५ साली नामको कंपनीने जपानपुरता काढला होता. आपल्या गल्लीत तो 'टँक' म्हणून आला तो या नकली कॅसेटींच्याच कृपेने. स्वतःचा नकाशा बनवायची सोय होती त्यात. ज्याला वाचवायचं त्या गरुडाभोवती पोलादी भिंत उभारून निवांत बसायचं आणि भावाला गोळी मारून त्याचा टँक थिजवून ठेवायचा.

मधल्या_सुट्टीत
अवांतर: काँट्रा गेममध्ये तीस जीव देणारा कोड कुणाकुणाला तोंडपाठ आहे? वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी ए. वर्गातल्या एका मुलाने मला हे सांगायला दोन पेप्सीकोला घेतले होते. परवा वाचलं की कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी हा कोड मुळात १९८६ च्या ग्रॅडियस या गेमसाठी घातला होता. गेम तपासताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जायचा म्हणून. २०२० च्या फेब्रुवारीत ते वारले.

ग्राहकराजा_जागाहो
ताई, नवीन टीव्हीला जुनं उपकरण चालत नसेल तर हा विक्रीतला दोष ठरू शकतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही. बिल जपून ठेवा.

शेवटचा_जीव
टीव्हीची काही तक्रार नाहीये हो!! तक्रार करायची तर दुसरीच करेन. आधी ऑनलाइन एक एचडीएमआय स्टिक मागवली होती, 'दहा हजार गेम' म्हणून. दोन बिनवायरी रिमोट आले, त्यातल्या एकाचं डावं बटण दाबलं की मारिओ उजवीकडे. काँट्रा होता, पण उडी मारल्यावर पात्र क्षणभर विचार करून मग उडायचं. परत पाठवली तर पैसे 'वॉलेट'मध्ये टाकले, म्हणजे परत त्यांच्याकडूनच काहीतरी घ्या. म्हणून माळ्यावर चढले.
९ व्होल्टचा ॲडॅप्टर आणलाय. पुढे सांगा.

तपकीर_गल्ली
सेट टॉप बॉक्स एचडीएमआयवर आहे, म्हणून टीव्ही तिथेच शोधत बसलाय आणि 'नो सिग्नल' म्हणतोय. तुमचा गेम त्याला एखाद्या चॅनेलसारखा दिसणार आहे, दूरदर्शन लागायचं तसा. म्हणून:
डबीवरचं बटण 'गेम'कडे. गेम चालू करून मारिओचं पहिलं पान उघडं ठेवा (दिसणार नाही, पण 'स्टार्ट' दाबू नका). टीव्हीच्या रिमोटवर सोर्स, त्यात 'अँटेना' किंवा 'एटीव्ही'. मग चॅनेल शोध, त्यात 'डिजिटल' नाही, 'ॲनालॉग' निवडा आणि ऑटो सर्च. पूर्ण व्हायला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. गेम चालू नसेल तर शोधूनही काही सापडणार नाही, बहुतेक लोक तिथेच फसतात.

शेवटचा_जीव
आला!!!!! मारिओ आला!!! किंचित मुंग्या आहेत पण रंग आहेत!
हे आधीच सांगायचं ना.
पण आवाज नाही. नुसती खरखर. आवाजाशिवाय काय मजा?

सदाशिव_जॉयस्टिक
आवाजासाठी पांढरी पिन लाल भोकात…

तपकीर_गल्ली
सदाशिवराव, पिना नाहीत त्यांच्याकडे.

सोल्डर_सावंत
याचं उत्तर मी देतो. आपल्याकडची जुनी पद्धत पाल-बी/जी. तिच्यात आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो. चीनमध्ये पाल-डी/के, तिथे ६.५ वर. तुमचं खोकं तिथल्या बाजारासाठी जुळवलेलं असेल तर टीव्ही चुकीच्या जागी आवाज शोधतोय. त्या चॅनेलवर असताना मेन्यूमध्ये 'साउंड सिस्टिम' शोधा (कधी कधी 'मॅन्युअल ट्यूनिंग'च्या आत लपलेलं असतं) आणि बीजीचं डीके करा. नाही जमलं तर 'आय' करून बघा.

शेवटचा_जीव
डीके केलं. आला आवाज. स्वयंपाकघरातून आई धावत आली, 'अभ्यास झाला का' म्हणाली. मी चाळीशीची आहे.
आता शेवटचं: बंदूक. डक हंटमध्ये बदकं उडतात, मी अगदी पडद्याला टेकवून मारते, तरी एक मरत नाही. तो कुत्रा हसतोय.

किंग_ऑफ_कॉइन
बंदुकीची आशा सोडा. ती बिघडलेली नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो, त्याला त्याच क्षणी तो चौकोन दिसला तर नेम लागला. जुन्या पिक्चर ट्यूबवर चौकोन तत्काळ उमटायचा. एलइडी टीव्ही चित्र आधी मापात बसवतो, साफ करतो आणि मग दाखवतो, तोवर गेमने 'चुकला' म्हणून निकाल दिलेला असतो. शिवाय ती बंदूक ट्यूबच्या लुकलुकण्यालाच जुळवलेली असते. एखाद्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जुना ट्यूबवाला मिळाला तर बघा, हल्ली भंगाराच्या भावात देतात.
तोवर एक गंमत: एकाच बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं. बंदूकवाल्याला कळतच नाही बदक असं पिसाटल्यासारखं का पळतंय.

शेवटचा_जीव
काय??? म्हणजे दादा दर वेळी पाठीमागे रिमोट घेऊन बसायचा तो यासाठी??

मधल्या_सुट्टीत
हाहाहा. कोण पाहुणे आहेत शनिवारी?

शेवटचा_जीव
दादाच. बंगळुरूहून येतोय, भाचेही आहेत सोबत. त्यांना दाखवायचं हे निमित्त. काँट्राच्या धबधब्याच्या स्टेजला दादा मुद्दाम भराभर वर उड्या मारत जायचा, पडदा वर सरकायचा आणि मी खाली राहून मरायचे. दर वेळी. आणि वर म्हणायचा, 'तुला खेळताच येत नाही, तू मारिओ खेळ.' या वेळी पहिला रिमोट माझा.

निशाचर८बिट
ताई, आता विरोध मागे घेतो. फक्त एक, एलइडीवर उडी थोडी उशिरा लागेल. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर लावा आणि नसेल तर चित्र सुधारायच्या सगळ्या सोयी बंद करा. धबधब्यावर त्या उशिराचा अंदाज ज्याला आधी येईल तो जिंकेल, म्हणजे दोन दिवस सराव तुमचाच.

शेवटचा_जीव
सराव सुरू आहे. तीस जीव लावूनही तिसऱ्या स्टेजच्या पुढे जाईना, पण वर चढायचा वेग चांगला आहे. तपकीर_गल्ली आणि सावंत यांचे मनापासून आभार. या धाग्याची लिंक कोणी माझ्या भावाला पाठवू नये, तो इथे असतो, आयडी सांगणार नाही.

ग्राहकराजा_जागाहो
ते वॉलेटमधले पैसे. १९१५ ला फोन केलात का?