सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी जात्याचे तुकडे का वाटून घेतले?

घणसोलीकर
इंग्लंडमधल्या १३८१ च्या उठावावर वाचतोय. उठावाचा मुख्य पुढारी वॉट टायलर शाळेपासून माहीत होता, विल्यम ग्रिंडकॉब आत्ता कळला. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स म्हणून गाव, तिथला हा पुढारी. त्याची माणसं मठात शिरली, मठाचे जुने कागद बाजारात जाळले. इथवर समजलं. पण मठाच्या बैठकीची फरशी उखडून तिचे तुकडे घरोघर वाटले, ते कशाला? डोईपट्टीचा, म्हणजे माणशी कराचा, राग फरशीवर?

नौपाड्याचे मास्तर
फरशी कसली, ती त्यांचीच दळायची जाती होती!

त्या गावात दळण मठाच्याच गिरणीत न्यायचं आणि दळणावळ म्हणून धान्यातला वाटा मठाला द्यायचा. घरी जातं फिरवलंत तर गुन्हा. उठावाच्या सुमारे ५० वर्षं आधी रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने लोकांची जाती जप्त केली आणि बैठकीत फरशी म्हणून बसवली. (माणूस विद्वान, ग्रहताऱ्यांची चाल दाखवणारं घड्याळ बनवणारा. पण गरिबाघरचं जातं काही त्याला बघवलं नाही.) म्हणजे तक्रार घेऊन मठात जायचं, तर आजोबांच्या जात्यावर पाय देऊन उभं राहायचं. डोईपट्टी, माणशी १२ पेन्स, ही ताजी जखम. जात्याची जुनी.

तुकडे कसे वाटले माहितीये? तेव्हा रविवारी चर्चमध्ये पावाचा प्रसाद वाटायचे तसे. हे लिहून ठेवलंय टॉमस वॉल्सिंगहॅमने, आणि तो त्याच मठाचा साधू, बंडखोरांवर जळणारा.

उरणचा नातू
मास्तर, कागद जाळण्याचं आम्हाला वेगळं सांगायला नको. सातबारा ज्याच्या हातात, जमीन त्याची. ग्रिंडकॉबचं पुढे काय झालं?

नौपाड्याचे मास्तर
लंडनला जाऊन त्याने राजाचं पत्र आणलं, त्याच्या जोरावर मठाकडून गावाच्या हक्कांच्या सनदा लिहून घेतल्या. टायलर मारला गेल्यावर वारं फिरलं. ग्रिंडकॉबला पकडलं, मग जामिनावर सोडलं, अट एकच : गावाला सनदा परत करायला लाव. हा गावात आला आणि म्हणाला, माझी काळजी करू नका, ठाम राहा. जुलैमध्ये फाशी. उठावातला पाद्री जॉन बॉल, त्यालाही त्याच गावात, १५ जुलैला, राजासमोर मारलं.

घणसोलीकर
मास्तर, तुमचं वाचून खाली जाऊन आलो. आमचं जुनं घर पाडलं तेव्हा आजीचं जातं बिल्डरच्या माणसांनी पार्किंगच्या पायरीत बसवलंय. दहा वर्षं मीच त्यावर पाय देऊन गाडी काढतोय. सेक्रेटरींना म्हटलं, काढून द्या. म्हणाले, "घेऊन जा की, पण खड्डा तुम्ही बुजवायचा."