फट कानात नसते

सलग बोलणं ऐकताना एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे आपल्याला कसं कळतं, या प्रश्नावर एका प्रतिसादात म्हटलंय, की दोन शब्दांमध्ये बारीक थांबा असतो आणि कान तोच पकडतो. मला हे पटत नाही. ‘अप्पा आले’ एवढंच सहज बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ध्वनिलहर बघा. शांतता दिसेल ती ‘अप्पा’च्या पोटात, ‘प्प’साठी ओठ मिटतात तिथं. दोन शब्दांमध्ये मात्र ‘आ’ला ‘आ’ चिकटलेला.

मग आपण तोडतो कुठं? १९९६ मध्ये सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट या संशोधकांनी ८ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची अखंड धार फक्त २ मिनिटं ऐकवली. कोणत्या अक्षरामागं कोणतं हमखास येतं, एवढ्या हिशेबावर बाळांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे ओळखले! मोठ्यांकडे तर शब्दसाठाही असतो, त्यामुळं शब्द संपायच्या आधीच अंदाज सुरू होतो. कोल्हापुरात बसमध्ये कुणी ‘रंका...’ म्हटलं आणि पुढचं हॉर्नमध्ये बुडालं, तरी आपण रंकाळाच ऐकतो.

इंग्रजी ऐकणारे जोर दिलेल्या अक्षरापाशी बहुधा शब्दाची सुरुवात धरतात. मराठीत ती युक्ती फारशी चालत नाही. आपल्याला ‘ला, चा, नं’ अशी शेपटं मदत करत असावीत, हा आपला माझा तर्क.

आणि साठ्यात रूपच नसेल तर? आमच्या कोल्हापूरकडचं ‘जेवालोय’ ऐकून पुण्याचे पाहुणे क्षणभर अडतात. आवाज स्पष्ट पोचलेला असतो, ‘जेवायला लागलोय’ची ही घडी मात्र त्यांच्याकडं नसते.