दोन फिल्म शेजारी धरून नाही कळत, भाऊ

तुम्ही म्हणता, जुना-नवा एक्स-रे शेजारी धरला की खांद्याचा कृत्रिम सांधा सरकला का ते दिसेलच. एखाद्या मिलिमीटरचं नाही दिसत. बाबांची एक फिल्म नागपूरची, एक वणीची. खिडकीशी धरल्या, तर एकीत हात जरा आत वळलेला. सरकलं काय अन् वळलं काय, कसं ओळखणार?

त्यासाठी आरएसए, म्हणजे रेडिओस्टिरिओमेट्रिक ॲनालिसिस. स्वीडनच्या लुंडमध्ये गोरान सेल्विकनं १९७४ मध्ये मांडलेली पद्धत. हाडात मिलिमीटरभराचे टँटलमचे मणी पेरायचे, दोन नळ्यांनी एकाच क्षणी एक्स-रे काढायचे अन् मण्यांवरून सांध्याची जागा काढायची.

तिची अचूकता तपासणं म्हणजे कापसाचा काटा तपासणं. तेच गाठोडं उतरवून पुन्हा चढवलं अन् आकडा बदलला, तर दोष काट्याचा. इथंही पेशंटला उठवून, परत निजवून लगेच दुसरी जोडी काढतात. तेवढ्यात सांधा काही सरकत नाही, म्हणून दिसेल तो फरक मोजणीचाच. पण काटा दरवेळी दोन किलो कमीच दाखवत असेल तर? (आपल्याकडे हे नवीन नाही.) मग खात्रीचं वजन लागतं: नकली हाडात सांधा मायक्रोमीटरच्या स्क्रूनं ठरावीक सरकवून ताडून बघतात.

खांद्याची खरी अडचण पात्याच्या हाडाची. ते पातळ, मणी दूरदूर पेरायला जागा नाही. मणी एका ओळीत आले की सांधा किती फिरला याचे आकडे डळमळतात.

मणी ऑपरेशनच्या वेळीच घालतात, त्यामुळे बाबांसाठी आता हे नाही.