फीआधी मेडिकल आणि हँगर
पायलट व्हायला फ्लाइंग स्कूलमध्ये (विमान उडवायला शिकवणाऱ्या शाळेत) जाताय? एकरकमी फी भरली की सवलत मिळते, म्हणून भरून टाका, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. शाळा बंद पडली तर पैसे परत मिळणं फार कठीण. टप्प्याटप्प्यानंच भरा, तेही क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, हातात आल्यावर.

शाळा बघायला गेलात की ऑफिसात न बसता हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडमध्ये जा. प्रोपेलर काढलेलं, धूळ खात पडलेलं विमानही ताफ्यात मोजलेलं असू शकतं. आज उडतायत किती ते बघा. शिकणाऱ्या मुलांना लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) दाखवायची विनंती करा, तारखांमधले खंड लगेच दिसतात.

व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी आंतरराष्ट्रीय नियमानं उड्डाणाचे किमान २०० तास लागतात, मान्यताप्राप्त कोर्समधून १५०. अमेरिकेत तसा कोर्स नसेल तर २५०. त्यामुळे नोकरी जिथे करायची तिथले नियम आधी वाचा.