प्रवेश-मुलाखतीतील नैतिक पेचांची उत्तरे कशी मांडावीत? (मदत हवी आहे)

नमस्कार. वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या प्रवेश-मुलाखतीची तयारी करताना मी नैतिक पेचांच्या प्रश्नांपाशी अडखळते आहे. रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय ही चार तत्त्वे मला ठाऊक आहेत. पण ती एकमेकांच्या विरोधात उभी राहिली की उत्तर कोणत्या क्रमाने मांडावे, हे उमगत नाही.

उदाहरणार्थ, निर्णयक्षम प्रौढ रुग्णाने धार्मिक श्रद्धेमुळे रक्त घेण्यास नकार दिला, तर त्याला परिणाम नीट समजावून सांगितल्यानंतर तो नकार मान्य करावा, इथपर्यंत माझी खात्री आहे. तोच नकार आईवडील लहान मुलाच्या वतीने देत असतील, तर मुलाचे हित आधी पाहावे, हेही पटते. परंतु रुग्ण पंधरा वर्षांचा, समंजस आणि स्वतःच नकार देणारा असेल, तर? इंग्लंडमधील १९८५ च्या गिलिक निकालाने वयापेक्षा समजुतीला महत्त्व दिले खरे, मात्र तो अल्पवयीनाने उपचाराला दिलेल्या संमतीविषयी होता, नकाराविषयी नव्हे.

‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’ पद्धतीत (एकामागून एक घेतल्या जाणाऱ्या छोट्या, स्वतंत्र मुलाखतींत) अशा प्रसंगासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. तेवढ्यात आधी भूमिका सांगून मग कारणे द्यावीत, की दोन्ही बाजू तोलून शेवटी निर्णयावर यावे? परीक्षकाने मुद्दाम विरोधी बाजू लावून धरल्यावर मत बदलले, तर ते कच्चेपणाचे लक्षण मानले जाते का? नमुना-उत्तरे नकोत (ती पाठ केलेली आहेत हे लगेच कळते); मुलाखती घेतलेल्या सदस्यांनी आपण गुण नेमके कशाला देतो, एवढे कृपया सांगावे.